चार फुटी टाकी आणि मूठभर मीठ

आमच्या रत्नागिरीत ‘मासे आलेत’ म्हटलं की शेजारीण विचारते, कुठले, बांगडे की सौंदाळे? तिथे मी हौसेने दोन गोल्डफिश पाळले, म्हणजे सासूबाईंच्या मते निव्वळ खूळ. “खायचे नाय तर आणलेत कशाला गो?” असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चिडले. उत्तर नसलं की मला राग येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सासूबाई तेव्हा नुकत्याच आमच्याकडे आल्या होत्या. मालगुंडला गावच्या घरी अंगणात पाय घसरून पडल्या, खुब्याला मार बसला, आणि आम्ही नवराबायको जाऊन त्यांना गाडीत घालून घेऊन आलो. दुखणं बरं झालं, काठी सुटली, पण मन काही इथे रमेना. रोज दिवेलागणीला विचारायच्या, “मला कधी सोडताय?” नवरा म्हणायचा, “बघू.” मी दिवा लावायला उठायचे. तिकडे एकट्या राहून पुन्हा पडल्या तर, हीच मला धास्ती. आणि खरं सांगायचं तर त्या मला घरात हव्या होत्या. कामावरून आल्यावर दार उघडायला कोणीतरी असतं, हे सुख मला नव्यानेच कळलं होतं. पण तसं तोंडाने बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. आम्ही फार तर ताटात आग्रहाने जास्त वाढतो.

मासे इतके वाढले की जुन्या टाकीत त्यांना वळायला जागा उरली नाही. शेवटी मी चार फुटी टाकी करून घेतली आणि एका रविवारी सकाळी पदर खोचला. दोघे मासे जुन्याच पाण्यासकट बादलीत घातले, उडी मारू नये म्हणून वर पाट झाकला आणि बादली मोरीत ठेवली. टाकीतली झाडं वेगळ्या टबात. त्यात लांब पातीसारखी पानं असलेलं एक होतं आणि एक दगडाला दोऱ्याने बांधलेलं. नवऱ्याने जुन्या टाकीतलं उरलेलं पाणी नळीने ओढायला घेतलं आणि पहिल्याच झटक्यात घोटभर पोटात घेतलं. मी हसून हसून खाली बसले. मग तो रुसून फिल्टरचा स्पंज साबणाने धुवायला निघाला, तेव्हा मात्र माझं हसू पळालं. “अहो, हात लावू नका त्याला! त्यातले जिवाणू पाणी साफ ठेवतात, त्या घाणीवरच मासे जगतात!” तो म्हणाला, “मग मला कशाला आंघोळीला पाठवतेस?”

आमची ही जुगलबंदी चालू असताना मोरीतून काहीच आवाज येत नव्हता. सासूबाई कपबशा विसळायला गेलेल्या. मला उगाच शंका आली. जाऊन बघते तो पाट बाजूला, मिठाची बरणी शेजारी, आणि सासूबाई बादलीत बोट बुडवून आमटी चाखावी तसं पाणी चाखतायत.

“आई! काय घातलंत?”

“मीठ. अळणीच आहे गो अजून,” म्हणत त्यांनी दुसरी मूठ भरली.

मी ती मूठ वरच्यावर धरली. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. सासूबाईंवर ओरडायची सोय नाही, म्हणून मी नवऱ्यावर ओरडले. त्याला कळेना आता आपण काय केलं.

“वर येऊन आ वासत होते बिचारे,” सासूबाई म्हणाल्या. “समुद्राचा जीव तो. टाकीत तू कसलं औषध घालतेस, त्यात असेल मीठ. बादलीत विसरलात, म्हणून मी घातलं.”

जन्म समुद्राकाठी गेलेला. गोड्या पाण्यात जन्मून गोड्याच पाण्यात मरणारा मासा असतो, हे त्यांना पटायचं कसं? मासे जिथून आणले त्या दुकानदाराला मी फोन लावला. तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, एका मुठीने काही होत नाही, घाबरू नका, पाणी हळूहळू बदला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. नवी टाकी भरून झाडं लावली, मग तांब्यातांब्याने तिच्यातलं पाणी बादलीत मिसळलं आणि दोघांना अलगद आत सोडलं. ते सरळ कोपऱ्यात दगडावरच्या झाडाआड जाऊन बसले. दाणे टाकले, ढुंकून बघेनात.

सासूबाईंचा चेहरा उतरला. “माझा हात लागला की बिघडतंच काहीतरी. उद्या मला गावी सोडा,” म्हणाल्या. त्या दिवशी जेवल्याही नाहीत धड. मी दोनदा भात वाढायला गेले, त्यांनी दोन्ही वेळा ताटावर हात धरला. मला माशांपेक्षा त्यांचीच काळजी लागली. नवरा म्हणाला, “बघू.” मला त्या ‘बघू’ची अशी तिडीक आली म्हणून सांगू!

सोमवारी दिवसभर कामात माझं लक्ष नव्हतं. घरी पोहोचते तर दार नुसतं लोटलेलं. धसकाच घेतला मी. आत बघते तो सासूबाई टाकीसमोर खुर्ची ओढून बसलेल्या, हातात पेजेची वाटी.

“खाल्लान गो, खाल्लान!” त्या ओरडल्या. “थोरल्याने शीत खाल्लान! धाकटा लाजतोय अजून. आणि ती लांब पानं मधे कशाला लावलीस? कडेला लाव. नव्या घरात आडोसा नको का जिवाला?”

माशांना भात घालू नये, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. पदर खोचला आणि त्या दाखवतील तिथे मुकाट्याने पानं लावत बसले.

तेवढ्यात मालगुंडहून फोन आला. त्यांची शेजारची मैत्रीण. कधी येतेस म्हणून ती विचारत असणार. माझा हात पाण्यातच थांबला.

“आत्ता कुठली येत्ये?” सासूबाई म्हणाल्या. “ही दोघं दिवसभर बाहेर, माशांकडे बघायला घरात माणूस नको? तूच ये की चार दिवस. आमच्या घरी मोठी टाकी आणल्येय.”

तोवर फोनवर त्या कायम ‘मुलाकडे आहे’ म्हणायच्या. कोपरापर्यंत ओला हात तसाच घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि तिघांचा भात टाकला, जरा जास्तच.