बाईंच्या घराचं शेवटचं कौल

“मग लिही ना तुझ्या त्या कागदावर, की नवरा खोटारडा आहे म्हणून,” असं म्हणत तो बुटांसकट स्वयंपाकघरात शिरला. भांडण अंगणात सुरू झालं होतं, शिडी उतरवता उतरवता. आता ते फक्त घरात आलं होतं.

तिने बुटांकडे पाहिलं. तो मागे गेला, बूट काढून आला. भांडणातही काही नियम चालू राहतात.

तो कौलारू छपरं शाकारायचा. त्याआधी त्याचे वडील, आबा, शाकारायचे. चढावरच्या एका गल्लीत एकाच साच्याची बारा घरं होती. पहिलं एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं. त्या बाईंचं छप्पर त्याने गेल्या महिन्यात करून दिलं. चार दिवसांपूर्वी पाऊस झाला आणि छपराचे दोन उतार, दोन पाखी, जिथे मिळतात, तिथल्या पत्र्याच्या पन्हळीतून पाणी थेट बाईंच्या पुस्तकांच्या कपाटामागे उतरलं. पन्हळ जुनीच होती. बाई म्हणाल्या, ती कामात धरलेली होती. तो म्हणाला, नव्हती. बाईंनी आवाज चढवला नाही. उरलेल्या अकरा घरांना त्यांनी एवढंच सांगितलं, की जरा थांबा. ती अकरा घरं म्हणजे यांचं पुढच्या अख्ख्या वर्षाचं काम होतं, आणि हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं.

“मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं,” तो म्हणाला. “या तोंडाने.”

“कुठून सांगितलंत?”

“कुठून म्हणजे? आढ्यावरून.”

“आणि बाई कुठे होत्या?”

बाई खाली होत्या, आणि आढ्यावर कौलं ठोकून बसवणं चालू होतं.

लेखी म्हणावं तर या घराची एक रीत होती. आबा घराभोवती फिरायचे, आतून वासे आणि रीपा बघायचे, मग एक नवं कौल उलटं करून सुतारी पेन्सिलीने त्याच्या पोटावर काम आणि आकडा लिहायचे. खाली मालकाची सही, त्याखाली स्वतःची. काम चालू असेपर्यंत कौल मालकाकडे. काम संपलं, की तेच शेवटचं म्हणून आढ्याजवळ चढवायचं. छप्पर पुरं झालं, बोलणं पुरं झालं. लोकांना ते आवडायचं. तुमचा शब्द आमच्या डोक्यावर आहे, असं कौतुकाने म्हणायचे. चाळीस वर्षांत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती: वाद होतो तो काम झाल्यावर, आणि नेमका तेव्हाच करार वीस फुटांवर पालथा पडलेला असतो.

तिच्या मात्र आली होती. तिने नऊ वर्षं औषधांच्या दुकानात काढली होती. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, फोन करून विचारायचं, हे तिथे शिकली. पुडीवर ‘घ्यावी’ एवढं लिहून चालत नाही; किती, केव्हा, कशानंतर, आणि कशासोबत घ्यायची नाही, तेही लिहावं लागतं. दुकान बंद झालं तशी ती नवऱ्याच्या कामाचे फोन घ्यायला लागली, आणि दुसऱ्याच महिन्यात तिने अंदाजपत्रकाचा एक कागद आखला. त्यावर तीन भाग. काय करणार. काय करणार नाही. आणि उघडल्यावर आत काही कुजकं निघालं तर काय.

मधल्या भागावरून घरात रण माजलं होतं. आपण काय करणार नाही हे आपणच लिहून द्यायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला दारातून हाकलणंच की, असं नवऱ्याचं म्हणणं. आबा तर खाटेवरून एवढंच म्हणाले, की वळचणीचं पाणी आढ्याला चढायला लागलं. त्यावर लेक अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, की चढू दे, आढंच गळतंय. तिच्यावर दोन्हीकडून डोळे वटारले गेले. कागद तसाच राहिला, आणि बाईंचं काम कौलावरच लिहिलं गेलं.

“उद्या बाईंकडे जाऊ,” आता ती नवऱ्याला म्हणाली. “कौल काढून वाचू.”

“लावलेलं कौल काढायचं?” आबा उठून बसले. “आजवर कुणी काढलं नाही.”

“म्हणूनच आजवर कुणी वाचलं नाही.”

सकाळी बाईंकडे शिडी ती स्वतःच चढली. तो खाली शिडी धरून उभा राहिला, कारण रागावलेला असला तरी शिडी सोडणाऱ्यांतला तो नव्हता. बाई दारात उभ्या. वर जाऊन तिने आधी पन्हळ पाहिली. पत्रा बोटाने दाबला तर चाळणी झालेला. मग आढ्याजवळचं कौल सोडवलं, काखेत धरून उतरली आणि बाईंच्या टेबलावर उलटं ठेवलं.

‘घराचं छप्पर. संपूर्ण.’ खाली आकडा. खाली दोन सह्या.



“संपूर्ण म्हणजे मी सगळं समजले,” बाई म्हणाल्या. “चूक झाली का माझी?”

“नाही,” ती म्हणाली. “यांनी वरून सांगितलं, तेही खरंच असणार. हे खोटं बोलत नाहीत. पण तुम्हाला ऐकू गेलं नाही, तेही खरं.”

नवऱ्याने हे ऐकलं आणि टेबलाच्या कडेवरचा चुना नखाने खरवडायला लागला. त्याची ती सवय ती ओळखून होती. चूक पटली, की त्याच्या हाताला काम लागायचं.

तिने पिशवीतून कागद काढला. करणार: दोन पाख्यांमधली पन्हळ, नवा पत्रा, एवढी लांबी, बाजूची कौलं काढून पुन्हा बसवून, आमच्या खर्चाने. करणार नाही: आतल्या भिंतीचा गिलावा आणि रंग. लिहिताना तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. बाईंनी कागद चष्मा पुसून दोनदा वाचला.

“आणि खाली वासा कुजलेला निघाला तर?”

तिने तिसऱ्या भागावर बोट ठेवलं. काम थांबवू, तुम्हाला दाखवू, नवा आकडा लिहू, तुम्ही हो म्हटल्यावरच पुढे.

बाईंनी सही केली. मग म्हणाल्या, की असा एक कोरा कागद असला तर ठेवून जा, समोरचे विचारत होते. अकरा घरांचं नाव त्यांनी घेतलं नाही. तिनेही विचारलं नाही.

घरी परतल्यावर त्याने बूट दारातच काढले. आबांनी कागद मागून घेतला, हात लांब करून वाचला. ‘करणार नाही’पाशी थांबले, आणि पुटपुटले, की या गिलाव्यावरून तरुणपणी त्यांची एका मालकाशी मारामारी होता होता राहिली होती.

तिने ताटं मांडली. लेकीने पुस्तक मिटलं. सगळे बसल्यावर ती म्हणाली, “सोमवारी बाईंची पन्हळ. आणि यापुढे कागदावर दोन सह्या झाल्याशिवाय शिडी अंगणातून हलणार नाही. कौलावर लिहायचं असेल तर खुशाल लिहा, आबा, पण कागदानंतर. मापं घ्यायला मी येणार आहे.”

मग तिने वाढायला घेतलं.