समितीत कोण काय बोललं

तळा तालुक्याच्या तहसील कचेरीत मी एकवीस वर्षं अभिलेख कक्ष सांभाळला. म्हणजे लोकांना हवा तो कागद शोधून द्यायचा, आणि देता येत नसेल तर का देता येत नाही ते सांगायचं. दुसरं काम मला जास्त चांगलं जमायचं. निवृत्त झाल्यावर माहेरच्या गावी, काशीदच्या पुढच्या एका खाडीकाठी, राहायला आले तेव्हा माझी अशी ठाम समजूत होती की सरकारी कागद आपल्याइतका कुणाला वाचता येत नाही. गावात कुणी ही समजूत खोडली नाही, कारण कुणी तपासूनच पाहिली नव्हती.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचून दांडा तयार झाला आहे. भरती आल्याशिवाय होडी आत येत नाही. शेजारचे चाचा तरुणपणी आखातात काम करून आले, मग त्यांनी होडी घेतली. त्यांची होडी कित्येकदा मासळी घेऊन तोंडाबाहेर उभी असते, बर्फ वितळत असतो आणि चाचा पाण्याकडे बघत बसलेले असतात.

मासळी सुकवायच्या नव्या ओट्याचं उद्घाटन झालं तेव्हा पाहुणे म्हणून एक खासदार आले होते. आमच्या मतदारसंघाचे नव्हेत, पण किनाऱ्याशी संबंधित खात्याच्या संसदीय समितीत ते होते. भाषणात म्हणाले, "तुमच्यासारख्या छोट्या खाड्यांचा प्रश्न मी समितीत लावून धरला आहे." टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी चाचा माझ्या पडवीत आले.

"बाई, साहेब बोलले ते खरं हाय काय?"

मी म्हटलं, "चाचा, संसदेत शिंकलं तरी नोंद होते. चार दिवस द्या, ते काय बोलले ते शब्दाला शब्द काढून दाखवते."

आजवर माझ्या तोंडून निघालेल्या बढायांमध्ये ही पहिल्या पाचात येईल.

संसदेच्या संकेतस्थळावर समितीचा अहवाल सापडला. तो सापडायलाच दोन दिवस गेले, कारण पहिला पूर्ण दिवस मी दुसऱ्याच समितीचा, रेल्वेविषयीचा अहवाल वाचत होते आणि यात खाडी कधी येणार याची वाट बघत होते. खरा अहवाल इंग्रजीत आणि हिंदीत होता. इंग्रजी मला कचेरीपुरतं येतं. हिंदी येतं असं मला वाटत होतं. तेही कचेरीपुरतंच निघालं, आणि ती कचेरी दिल्लीची नव्हती.

मुरूडला जाऊन सगळा अहवाल छापून आणला. मधली पानं मी नुसती चाळली. शेवटी बैठकांचं कार्यवृत्त जोडलेलं असतं: कोण हजर होतं, कुठले अधिकारी बोलावले होते, काय चर्चा झाली. माझ्यासारखीला तेवढं पुरे होतं. हजर सदस्यांच्या यादीवर बोट ठेवून मी खाली खाली गेले. साहेबांचं नाव नव्हतं. पुन्हा वरून खाली आले. नव्हतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. साहेब खोटं बोलले याचा नव्हे, मी पकडलं याचा.

हा आनंद स्वतःपाशी ठेवायला हवा होता. पण त्याच आठवड्यात मच्छीमार सोसायटीची सभा होती. मी मुद्दाम इस्त्रीची साडी नेसून गेले, आयत्या वेळच्या विषयांत उभी राहिले आणि कागद फडकवत म्हणाले, "ज्या बैठकीत आपली खाडी गाजली असं सांगितलं, त्या बैठकीला साहेब हजरच नव्हते! हा पुरावा!" लोकांनी बाकं वाजवली. साहेबांचे एक कार्यकर्ते होते, ते उठून गेले. मी घरी येऊन पाव आणि बटाट्याची भाजी खाल्ली, आणि विजयाच्या भरात दोनदा वाढून घेतली.

तिसऱ्या दिवशी चाचांची सून आली. ती गावच्या इंग्रजी शाळेत शिकवते. तिने अहवाल वाचायला नेला होता. मी चाळला तसा नव्हे, पहिल्या पानापासून.

"मावशी, रागावणार नाही ना?"

"कशाला रागावू?"

"तुम्ही वाचलीत ती शेवटची बैठक. त्या दिवशी फक्त तयार अहवालाला मंजुरी दिली. अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले ते आधीच्या बैठकीत. तिचं कार्यवृत्त चार पानं अलीकडे आहे." तिने पान उघडून पुढे केलं. हजर सदस्यांत साहेबांचं नाव होतं. चांगलं वरच्या बाजूला.

माझे कान गरम झाले. मी चष्मा काढला, पुसला, घातला. नाव तिथेच होतं.

"मग ते काय बोलले, ते तरी आहे ना?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे. एवढंच लिहिलंय की सदस्यांनी काही मुद्दे उपस्थित केले. त्यात लहान खाड्यांच्या मुखाशी साचणाऱ्या वाळूचा एक मुद्दा आहे. कुणी मांडला ते नाही."

म्हणजे कुणीतरी बोललं होतं. ते साहेब असतील किंवा त्यांच्या शेजारी बसलेले दुसरे कुणी. आणि खाली शेवटची ओळ होती, की बैठकीचा शब्दशः वृत्तांत ठेवण्यात आला आहे. ती वाचून माझ्या जिवात जीव आला.

पण आधी दुरुस्ती करणं भाग होतं. मी सोसायटीच्या फळ्यावर कागद लावला. मनापासून लिहिला होता, पण हाताला सवय कचेरीची. 'उपरोक्त विषयान्वये याद्वारे सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात झाली आणि पुढे सात ओळी पूर्णविराम आला नाही. चाचांनी तो उभ्याने वाचला, मग सुनेकडून वाचून घेतला, आणि संध्याकाळी मला विचारलं, "बाई, तुमी माफी मागितली काय आमाला नोटीस काढली?"

"माफी मागितली, चाचा."

"मंग सरळ सांगा ना, चुकलं म्हणून. गावात कोन न्हाय चुकत?"

पुढच्या सभेत सरळ सांगितलं. या वेळी बाकं वाजली नाहीत. कार्यकर्ते मात्र शेवटपर्यंत बसून होते.

मग मी दिल्लीला अर्ज केला, की त्या शब्दशः वृत्तांताची प्रत मिळावी. उत्तर आलं, सभ्य भाषेतलं आणि छोटं. वृत्तांत आहे, पण समितीचं कामकाज गोपनीय असल्यामुळे प्रत देता येणार नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं. त्यातलं वाक्य माझ्या इतक्या ओळखीचं होतं, की खाली माझीच सही असेल असं वाटलं. एकवीस वर्षं हे वाक्य मी खिडकीच्या आतून लोकांना ऐकवलं होतं. खिडकीबाहेर उभं राहून ते कसं लागतं, हे साठी ओलांडल्यावर कळलं. पालीहून दोन एसट्या बदलून आलेल्या एका आजोबांना मी तसंच परत पाठवलं होतं, ते त्या दिवशी फार आठवले.

मी पत्र सुनेला दाखवलं आणि म्हटलं, "संपलं. कोण बोललं ते कधीच कळणार नाही."

ती म्हणाली, "मावशी, कोण बोललं ते जाऊ दे. आपणच बोललो तर? याचिका समिती असते. नागरिकांचा अर्ज एखाद्या सदस्याच्या सहीने तिथे जातो."

"कुठल्या सदस्याच्या?"

तिने अहवालाचं तेच पान उघडलं आणि साहेबांच्या नावावर बोट ठेवलं.

अशी मी साहेबांच्या कार्यालयात गेले. चाचा सोबत आले, पण बाहेरच्या बाकावर बसले. "मी तुमाला उचकवलं, पन आत तुमी जा," म्हणाले. आत साहेबांनी मला बघून विचारलं, "मला गैरहजर लावलंत त्या तुम्हीच ना?"

"साहेब, मी दुरुस्तीचा कागद लावला होता."

"त्याचा फोटो आला होता मला. वाचला. कळला नाही."

आता खाली काय मान घालायची, असा विचार करून मी तसंच विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही नक्की काय बोललात?"

साहेब हसले. "बाई, ओट्यावर जरा जास्तच बोलून गेलो. समितीतलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम आता तुम्हालाही पाठ आहे. कुठे सही करायची?"

याचिका मी लिहिली आणि सुनेने तिच्यातली माझी कचेरी कापून काढली. शेवटी स्वच्छ प्रत करताना मात्र मी तिची मदत घेतली नाही. अभिमान पूर्ण गेला नव्हता. चाचांच्या होडीत वापरतात तो भरती-ओहोटीचा तक्ता समोर ठेवून मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'होड्या केवळ ओहोटीच्या वेळी आत येऊ शकतात.' समुद्रकाठी जन्मलेल्या बाईने! मग सह्या झाल्या. चाचांनीही न वाचता सही केली, म्हणाले, "बाईंनी लिवलंय म्हंजे बरोबरच असनार."

काही महिन्यांनी खाडीच्या तोंडाची खोली मोजायला माणसं येणार असल्याचं पत्र आलं. दोन अभियंते आले, आणि याचिकेत लिहिल्याप्रमाणे, ऐन ओहोटीची वेळ साधून आले. मी याचिकाकर्ती म्हणून त्यांच्या होडीत बसले. चाचा धक्क्यावरून हात हलवत ओरडत होते. मला वाटलं निरोप देताहेत, म्हणून मीही हात हलवला.

तोंडाशी पोचलो आणि होडी वाळूत रुतली. ढकलली, हलली नाही. पाणी अजून उतरतच होतं. मोठ्या अभियंत्यांनी पिशवीतून याचिकेची प्रत काढली, ती ओळ वाचली, आणि कागद माझ्यापुढे धरला.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"ओहोटी?"

"भरती म्हणायचं होतं."

भरती येईपर्यंत आम्ही तीन तास तिथे बसलो. सावली नव्हती. अभियंत्यांनी मात्र वेळ वाया घालवला नाही. खाली उतरून, घोट्याएवढ्या पाण्यात चालत, सगळा दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला. तरंगत्या होडीतून इतका नीट मोजता आला नसता, असं धाकटे अभियंते जाताना म्हणाले. माझी समजूत घालायला म्हणाले असतील, पण मी ते लगेच खरं मानलं.

याचिका समितीचा अहवाल आला तो मी पहिल्या पानापासून वाचला, आणि सुनेने तो माझ्याआधी वाचला. मोजणीची होडी वाळूत अडकल्याचा त्यात उल्लेख आहे. वाळू काढावी अशी शिफारस आहे. वाळू काढायचं यंत्र गेल्या हिवाळ्यात आलं. एका वेळी एक होडी जाईल एवढी वाट मोकळी झाली आहे. पावसाळ्यानंतर ती किती राहील, ते कुणी सांगत नाही.

चाचा परवा भर ओहोटीला होडी आत घेऊन आले आणि ताजा बांगडा देऊन गेले. पायरीवर थांबून म्हणाले, "बाई, आता गावात बर्फाचा कारखाना पायजे, त्याचं काय ते बघा जरा. पन लिवाल तेव्हा सूनबाईला दाखवा."

मी हो म्हटलं.