मागच्या बाकावरचा पुरावा

पीएच.डी. व्हायला मला सहा वर्षं लागली. विषय मिठागरांचा होता, पण त्या सहा वर्षांत मी नीट शिकले ती मान डोलवायला.

सकाळी पनवेलच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि दुपारी खारघरला मार्गदर्शक सरांच्या केबिनबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं. तपासायला आणलेलं प्रकरण मांडीवर तसंच राहायचं आणि मी सरांच्या चर्चासत्राच्या पाहुण्यांचे बिल्ले लिहीत बसायची. अडला हरी, दुसरं काय!

माझी आत्या उभं आयुष्य मिठागरात राबली. आता आमचं मिठागर बुजवून तिथे कंटेनर उभे केलेत. मिठाच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात. ती तयार झाली हे ओळखायचं कसं, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडेना. आत्याने अंगणात उभं राहून दाखवलं. टाचेवर सगळा भार द्यायचा आणि गिरकी घ्यायची. खूण उठली तर आणखी तुडवायचं, नाही उठली तर पाणी सोडायचं.

"माजे आयशीनं मना शिकवला," ती म्हणाली. "तुजे पुस्तकान येवरा लिव. बाकी मना काय नको."

मी शब्द दिला. प्रबंधात नाव छापायचं नसतं म्हणून ती 'उत्तरदाती क्रमांक १७' झाली, पण तिची टाच मी पानभर लिहिली. अख्ख्या प्रबंधात तेवढं एकच पान नवं होतं. बाकी सगळं इकडचं तिकडचं, खाली संदर्भ देऊन रचलेलं.

तोंडी परीक्षेच्या आधी सरांचा फोन आला. परीक्षकांना जेवण विद्यार्थ्याने द्यायचं, हे कुठल्याही नियमात नाही आणि मोडायची कुणाची छाती नाही. "बाहेरचे सर मासे खातात. तुम्ही आगरी लोक, जिताडा घरचाच होऊ द्या," सर म्हणाले. मी म्हणाले, हो सर.

जिताडा आत्याने रांधला. डबे घेऊन ती माझ्याबरोबर आली आणि परीक्षा सगळ्यांना खुली असते म्हणून नवं लुगडं सावरत मागच्या बाकावर बसली.

सगळं इंग्रजीत चाललं होतं. बाहेरच्या सरांनी नेमकं तेच पान उघडलं. याला संदर्भ काय, त्यांनी विचारलं. प्रत्यक्ष मुलाखत आहे, मी सांगितलं. एका निरक्षर बाईच्या सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत, ते म्हणाले. हे पान काढा, बाकी काम उत्तम आहे. आमच्या सरांनी डोळे मोठे केले. पुरावा चार बाक मागे बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होता. तिला नुसतं पुढे बोलावलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणाले, "हो सर, काढते."

टाळ्या झाल्या. आत्यानेही वाजवल्या.

जेवताना बाहेरच्या सरांनी रस्सा दोनदा मागून घेतला. "मावशी, मीठ इतकं बरोबर कसं पडतं हो?"

"हाताला कलतं, सायेब."

"बघा," ते सरांना म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही." सगळे हसले. लाज वाटते सांगायला, मीही हसले.

बांधलेली प्रत घेऊन मी गावी गेले. आत्याने हात धुतले, पदराला पुसले. "माजा पान कंचा?"

मी मागची संदर्भसूची उघडली आणि एका पानावर बोट ठेवलं. तिने त्यावरून हात फिरवला आणि खुणेला देवघरातलं मोरपीस ठेवलं.

आता घरी कुणी आलं की ती प्रबंध काढते आणि मोरपिसाचं पान उघडून पुढ्यात धरते. "ह्या माजा हाय," म्हणते. आलेल्याला वाचता येत असेल तर तो आधी पान बघतो, मग माझ्याकडे बघतो.