बाभळीवर वाळत घातलेले बोंबील

त्या वर्षी मी डहाणूच्या महालक्ष्मीपुढे हात जोडणं सोडलं होतं. देवळात जायचे, पण नुसती उभी राहायचे आणि मनातल्या मनात तिला सुनवायचे. माझा धाकटा मुलगा नितेश गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि पाण्यातली ती न दिसणारी हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्यांनी बोटीसकट सगळ्यांना धरून नेलं. बोटमालकाचा एक फोन आला, त्यानंतर काहीच नाही. पोर जिवंत आहे की नाही, एवढंही सांगायला कोणी तयार नव्हतं. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. मी धाकट्या डहाणूची मासळी विकणारी बाई, माझं तोंड गप्प बसत नाही. देवीला म्हणायचे, एवढी वर्षं ओटी भरली तुझी, आणि तुला एक निरोप पाठवता येत नाही?

नवरा माझ्या अगदी उलट. आयुष्यभर तांडेल म्हणून बोट हाकली, पण बोलणं मोजकं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, गेलेली माणसं नीट परत आण म्हणून. त्या वर्षीही दिला होता. पण हिवाळ्यात यांनी मला न विचारता नवस बोलून टाकला, की देवीच्या पायाला लावलेला नारळ नितेशच्या स्कूटीवरून कच्छात कोटेश्वरला न्यायचा आणि जमीन संपते तिथे समुद्राला द्यायचा.

"आपल्या बंदरातून टाकला तर तो कुठं पोचणार? कोटेश्वरहून समोर पल्याडचाच किनारा," म्हणाले.

"मग गाडीनं जाऊ. रेल्वे बंद पडल्यात का?"

"नवस स्कूटीचा बोललोय."

नितेशने पहिल्या कमाईत ती जुनी, छोटीशी स्कूटी घेतली होती. दोन माणसं बसली की तिचं चाक रुसायचं. नारळ लाल फडक्यात बांधून पुढे हँडलला लटकवला. त्याला धक्का लागू नये म्हणून नवरा ती स्कूटी खाडीतून होडी काढावी तशी चालवायचा. तलासरीला माझी बहीण राहते. सकाळच्या चहाला निघालेलं माणूस जेवायच्या आधी घरी परत येईल एवढाच तो रस्ता, पण यांनी पहिला मुक्काम तिथेच केला. बहिणीला वाटलं, आम्ही तिलाच भेटायला आलोय. मी म्हटलं, या चालीने नितेश आधी घरी येईल आणि आपण नंतर पोचू.

पुढचे दिवस कसे गेले ते माझ्या कमरेला विचारा. महामार्गावर ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने आम्ही डुलायचो. गुजरातेत डाळीत साखर, भाजीत साखर. मला ते आधीच ठाऊक होतं, म्हणून मी डिकी भरून सुके बोंबील घेतले होते. देवाच्या वाटेवर मासळी कशाला, असं आमच्यात कोणी म्हणत नाही. मासळी हेच आमचं अन्न. नवऱ्याने मात्र मुलगा येईस्तोवर मासळी सोडली होती. मी रोज चटणी करून पुढे ठेवायचे, ते मान हलवायचे. मग माझं ठरलेलं वाक्य, जे मी घरात सगळ्यांनाच ऐकवते, "खायचं तर खा, नाहीतर मांजराला घालते!" परमुलखात मांजर कुठून आणणार होते कोण जाणे.

नाकाला सवय झाली की वास कळत नाही, हे मला कच्छात शिकायला मिळालं. एका धर्मशाळेत आमची स्कूटी आत घेतली आणि सकाळी उठून बघतो तर व्यवस्थापक नाकाला रुमाल लावून उभा. हात जोडून, अगदी गोड आवाजात त्याने आम्हाला बाहेर काढलं. चहासुद्धा झाला नव्हता. नवरा उलट त्याला नमस्कार करून निघाला, त्याचाच मला जास्त राग आला.

त्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना मिठाने पांढरी पडलेली जमीन आणि काटेरी बाभळी. लांबवर पाणी चमकायचं आणि जवळ गेलं की नसायचं. मध्ये एक चौकी लागली, तिथल्या जवानाने ओळखपत्रं पाहिली, स्कूटी पाहिली, आणि आमच्याकडे बघून डोक्याला हात लावला. तिथून थोडं पुढे गेलो आणि स्कूटीचा पट्टा तुटला. नवऱ्याने बोटीचं इंजिन खोलावं तशी ती खोलली आणि सगळे भाग रस्त्यावर मांडून त्यांच्याकडे बघत बसला.

मी रडले नाही, मी भांडले. आधी नवऱ्याशी, मग नारळाशी, मग देवीशी. मोठ्याने म्हटलं, तुला माझा मुलगा नको, आमचा नवस नको, आता माझी हाडं हवीत का? घसा सुकला तशी पाण्याची बाटली काढायला उठले. डिकी उघडली तर बोंबील घामेजलेले. वर असं कडक ऊन, असा कोरडा वारा, आणि माल खराब होतोय! हाताला सवयच ती. मी बाभळीच्या काट्यांवर एकेक बोंबील टांगायला सुरुवात केली. नवरा म्हणाला, "इथं कोण बघणार?" म्हटलं, बघायला नाही, वाळायला घालतेय.

बऱ्याच वेळाने एक पिकअप आला. पुढे निघून गेला, मग थांबला आणि उलटा मागे आला. चालक उतरला, चाळिशीचा, सावळा. आमच्याकडे न बघता तो थेट बाभळीकडे गेला आणि बोंबलाला हात लावून उभा राहिला.

"ए तो बुमला छे! तुम लोग कहाँ के?"

"डहाणू," नवरा म्हणाला.

त्याने वळून आमच्याकडे पाहिलं. तो सौराष्ट्राचा, आधी खलाशी. तोही पलीकडच्या तुरुंगात होता, सुटून आल्यावर तो पुन्हा बोटीवर चढला नव्हता. आता जखौ बंदरावर बर्फ पोचवायचा. म्हणाला, "हमारे साथ एक लडका था. नाम मालूम नहीं, सब उसको डहाणू ही बोलते. रोज शाम को रोटी आती, तो वो कमर पे हाथ रखके अपनी आई की नकल करता. पूरी बराक हसती थी." आणि त्या माणसाने, त्या रखरखीत रस्त्यावर, कमरेवर हात ठेवून, मोडक्या मराठीत म्हटलं, "खायचा तर खा, नाय तर मांजराला घालते!"

मी खालीच बसले. नवरा तोंड फिरवून बाभळीकडे उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मी फक्त एवढंच विचारलं, "बरा होता का?" तो म्हणाला, "मैं छूटा तब एकदम अच्छा था. माँ, वो सबको हसाता था."

त्याने स्कूटी बर्फाच्या पेट्यांवर चढवली आणि वाट वाकडी करून आम्हाला कोटेश्वरला सोडलं. पैसे घेतले नाहीत, थोडे बोंबील मात्र मागून घेतले. देवीला सुनवायला मी एवढं साठवून आणलं होतं, पण पाण्यापाशी पोचल्यावर त्यातलं काहीच आठवेना. नवरा गुडघाभर पाण्यात उतरला, नारळ सोडला. मी कित्येक महिन्यांनी हात जोडले. मागितलं काहीच नाही. मी त्याच्यासाठी इतके दिवस तडफडत होते आणि तो तिथे माझ्याच आवाजात रोज जेवत होता. त्याला सांभाळणारं माझ्याशिवायही कोणी आहे, हे मला त्या दिवशी पटलं आणि पदरातलं ओझं मी तिथेच ठेवून आले.

पुढच्या वर्षी नितेश सुटून आला. वाळला होता. देवीला नमस्कार करून आला, स्कूटीची डिकी उघडली आणि ओरडला, "आई, गाडीला बोंबलाचा वास येतोय! कोण घेऊन गेलेलं?" बाप हसला. मी देवीशी अजूनही भांडते. गोड बोलून मागायचं मला कधी जमलं नाही, आणि तिनेही माझं हेच तोंड चालवून घेतलं. त्या दुपारी बोंबलाची चटणी वाढली, इतक्या महिन्यांनी नवऱ्यानेही पान पुढे ओढलं. नितेश मात्र नुसता ताटाकडे बघत बसला होता, घास उचलेना. मी पाणी आणून ठेवलं, चटणी आणखी वाढली.

"आई," तो म्हणाला, "बोल ना."

कमरेवर हात ठेवून मी बोलले, आणि तो जेवायला लागला.