वाजवून झाल्यावरचा चेहरा

आमचे मेहुणे आनंदराव गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्यांच्या चौकात फ्लेक्स लागला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली आनंदरावांचं नाव, आणि मधोमध फोटो... माझा. घोळ माझाच होता. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोटो घरात कुठं सापडेना. शेवटी आम्ही दोघं शेजारी उभे असलेला एक मिळाला. तो मी फ्लेक्सवाल्याच्या मोबाईलवर धाडला आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, “चष्मा असलेला घ्या.” आनंदरावांचा चष्मा चोवीस तास कपाळावर असायचा, पण नेमका त्या फोटोत त्यांनी तो खिशात ठेवला होता. चष्मा होता तो मला! मी पोचलो तेव्हा माझ्या फोटोला दोघांनी हार घातलेले होते. कोपऱ्यावरचा दूधवाला मला बघून किटलीसकट थबकला. “आवो दाजी, तुम्ही जित्तं हायसा की!” म्हणाला. मी पेठेचा जावई, म्हणून सारी पेठ मला दाजीच म्हणते. मी मान खाली घालून शिडी मागितली आणि स्वतःलाच खाली उतरवलं. आनंदराव असते तर पोट धरून हसले असते. मग म्हणाले असते, “दाजी, माणूस बघायला कधी शिकणार तुम्ही?”

खरं सांगायचं तर, जे थोडंफार शिकलो ते त्यांच्याच स्टुडिओत.

आनंदराव माझ्या बायकोचे, रंजनाचे थोरले भाऊ. पोटासाठी त्यांनी पासपोर्टचे फोटो काढले, बारशी काढली आणि लग्नं तर किती काढली त्याला गणती नाही. आमचंही लग्न त्यांनीच काढलं. त्याच लग्नाचा अल्बम एकदा रंजना त्यांच्यापुढं घेऊन बसली होती. पानं उलटता उलटता ती म्हणाली, “दादा, ह्यात दस्तगीरचाचा कुठं हायत? माझ्या पाठवणीला त्यांनी वाजवलं, तवा सगळ्यांत जास्त रडू मला त्या वाजवण्यानं आलं. आणि ह्यात त्यांचा पत्ताच न्हाय.” दस्तगीरचाचा म्हणजे बँडमधले क्लॅरिनेटवाले. आमच्या लग्नात तेच होते, आनंदरावांच्याही लग्नात तेच. आम्ही तिघांनी मिळून अल्बम धुंडाळला. एका फोटोच्या कडेला क्लॅरिनेटचं नुसतं तोंड दिसत होतं. वाजवणारा माणूस फोटोच्या बाहेर.

पुढचे दोन दिवस आनंदरावांनी जुने अल्बम आणि निगेटिव्हची पाकिटं काढून तपासली. नवरा, नवरी, मामा, करवल्या, जेवणाच्या पंगती, सगळे होते. बँडवाले, सनईवाले, हलगीवाले कुठंच नव्हते. कुठं एखादं कोपर, कुठं अर्धी टोपी. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “दाजी, दुसऱ्या कुणी न्हाय, मीच ढकललंय ह्या माणसांना भाईर. मीच आत घेणार.”

तिथून त्यांचे सोमवार सुरू झाले. सोमवारी बाजार बंद, गिऱ्हाईक नाही. त्या दिवशी ते एका कलाकाराला बोलवायचे आणि त्याचा फोटो काढायचे. पैसे घ्यायचे नाहीत. उलट फोटो मढवून त्याच्या घरी न्यायचा आणि भिंतीवर खिळा स्वतः ठोकायचा. “नुसता हातात दिला तर ट्रंकंत जातोय,” म्हणायचे. शाहूवाडीकडचे धनगरी ढोलवाले आले, सिनेमाचे बोर्ड रंगवणारे पेंटर आले, भजनातले पेटीवाले आले. चंदगडहून नाटकात बाईचं काम करणारे एक गृहस्थ पहाटेची एसटी धरून आले. ते पावसात इतके भिजले होते, की आधी दोन तास त्यांचं लुगडंच पंख्याखाली वाळवावं लागलं.

मी सरकारी कचेरीत कारकून. उचगावहून दुचाकीवर येऊन रजा टाकून हजर व्हायचो. माझं काम एकच, थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून उभं राहायचं, म्हणजे खिडकीतला उजेड त्यावर आपटून माणसाच्या चेहऱ्यावर पडतो. कचेरीत मी याहून जास्त उपयोगी कधी पडलेलो नाही.

आनंदरावांची रीत न्यारी होती. वाद्य वाजवत असतानाचा फोटो ते काढत नसत. कॅमेरा लावून ठेवायचे, वायरचं बटण हातात घ्यायचे आणि ऐकत बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काय लागतील ती. शेवटचा ठोका पडला, सूर थांबला, की मग खट्. एकच. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “वाजवताना माणूस कामात असतोय, दाजी. कामातला चेहरा समद्यांनी बघितलेला असतोय. थांबल्यावर दोन सेकंद तो एकटाच ऐकत असतोय. स्वतःचंच. ते दोन सेकंद माझं.”

आता मी पडलो रसिक माणूस. कोल्हापूरचा रसिक म्हणजे नुसती मान हलवणारा नव्हे. आम्हाला आवडलं तर पलीकडच्या पेठेत ऐकू गेलं पाहिजे. पहिल्याच सोमवारी शाहूवाडीच्या बाबांनी ढोलावर शेवटची थाप मारली आणि मी पत्रा बगलेत मारून ओरडलो, “वा रं वाघा!” बाबा दचकले. मग त्यांचं बोळकं पसरलं, त्यांनी मला हात जोडले. चेहरा कसा अगदी यात्रेतल्या स्टुडिओत बसल्यासारखा झाला. आनंदरावांनी बटण खाली ठेवलं. “दाद आली की माणूस तुमच्याकडं बघतोय,” ते शांतपणे म्हणाले. “मला त्याच्या आधीचा पायजे. जावा, चहा सांगून या.”

तेव्हापासून ‘चहा सांगून या’ ही मला शिक्षाच झाली. वाजवणं संपत आलं असं वाटलं, की आनंदराव माझ्याकडं न बघता म्हणायचे, “दाजी, चहा.” मी पत्रा खुर्चीला टेकवून बाहेर पडायचो आणि शटरचा खट् आवाज पायरीवर उभा राहून ऐकायचो. मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. एकदा रुमाल तोंडात धरला, एकदा सुपारी चघळली. पेटीवाल्या बुवांच्या वेळी तर मी तोंडातून ब्र काढला नाही, पण मांडीवर अशी थाप मारली, की बुवांनी डोळे उघडून विचारलं, “डास का?” आनंदराव त्यावर हसले, पण तो फोटोही गेला तो गेलाच.

एवढे सगळे आले. ज्यांच्यावरून हे सुरू झालं ते दस्तगीरचाचा मात्र येत नव्हते. आनंदराव दरवर्षी त्यांच्या दारात जायचे. चाचा चहा पाजायचे, पानाचा डबा पुढं करायचे आणि म्हणायचे, “आमचा फोटो कशाला, बेटा? नवरदेवाचा काढ. लोकांनी त्याचाच बघायचा असतोय.” त्यात रुसवा नव्हता, हेच आनंदरावांना जास्त लागायचं. एकदा परत येताना गाडीवर मागं बसून म्हणाले, “त्यांना राग असता तर बरं झालं असतं.”

मग आनंदरावांचं दुखणं सुरू झालं. हात कापायला लागले. गोळ्या झाल्या, मोठे डॉक्टर झाले. लग्नाची कामं सुटली, पण सोमवार सुटला नाही. मात्र फोटो चुकायला लागले. “डोकं म्हणतंय दाब, आणि बोट दोन सेकंदांनी ऐकतंय,” एकदा हसत म्हणाले. नेमके तेच दोन सेकंद.

ही बातमी कुणी चाचांच्या कानावर घातली, ठाऊक नाही. एका सोमवारी सकाळी ते आपण होऊन स्टुडिओच्या पायऱ्या चढून आले. इस्त्रीचा कोट, बगलेत क्लॅरिनेटची पेटी. स्टुलावर बसून बराच वेळ त्यांनी नुसता दम खाल्ला. मग म्हणाले, “आनंदा, एकदाच वाजवीन. दुसऱ्यांदा छाती साथ द्यायची न्हाय. काय काढायचं ते त्यातच काढ.”

आनंदरावांनी कॅमेरा लावला, खिडकीचा पडदा अर्धा ओढला. चाचांच्या कोटाची कॉलर नीट करायला गेले, ती चार वेळा त्यांच्या बोटांतून निसटली. मग ते मागं आले आणि वायरचं बटण माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, “मी? आवो, मी चहा सांगायला जातो.”

“पत्रा खुर्चीला टेकवा. बटण तुम्ही दाबायचं.”

“तुम्ही खूण करा मग.”

“खूण करंपर्यंत जाईल ते. तुमचं तुम्हाला कळंल. इतकी वर्षं पायरीवर उभं राहून आयकलंय न्हवं?”

ते कॅमेऱ्याशेजारी खुर्चीत बसले. मी पत्रा खुर्चीला टेकवला आणि बटण मुठीत धरलं. त्यांनी एवढ्या वर्षांत ज्याची वाट बघितली, ते माझ्यासारख्या तोंडाळ माणसाच्या अंगठ्यावर येऊन बसलं होतं.

चाचांनी पाठवणीचं वाजवलं. रंजना निघाली तेव्हाचंच. सूर मधे मधे फाटत होता. दोनदा वाटलं, थांबतात. नाही थांबले. मला आमचं लग्न दिसायला लागलं, रंजनाच्या पाठीवरचा सासऱ्यांचा हात दिसायला लागला आणि छातीतून ‘वा’ वर यायला लागला. मी गिळला. परत आला, परत गिळला. शेवटचा सूर चाचांनी असा लांबवला, की तो संपला केव्हा तेच कळेना. क्लॅरिनेट ओठांपासून दूर झालं. चाचांनी ते मांडीवर ठेवलं आणि समोर बघितलं. कॅमेऱ्याकडं नव्हे, आनंदरावांकडं.

खट्.

पहिला आवाज निघाला तो आनंदरावांचा. “वा, चाचा! वा!” खुर्चीच्या हातांवर हात आपटत, रडत, ते ओरडत होते. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्यांच्या तोंडून दाद मी ऐकली नव्हती. सगळी साठवून ठेवली होती की काय कुणास ठाऊक. मी मात्र गप्प. अंगठा बटणावरच होता, उचलायचं सुचेना.

मग त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघितला. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून बघितला. कितीतरी वेळ बघत होते. मला म्हणाले, “जावा दाजी, चहा सांगा. आज तुम्हीबी थांबा प्यायला.”

तीन आठवड्यांनी ते गेले.

चाचांच्या घरी फोटो मीच पोचवला. खिळा ठोकताना अंगठा ठेचून घेतला, तोच तो. चाचांनी त्यावर हळद लावली आणि फोटोपुढं हात मागं बांधून उभे राहिले. एवढंच म्हणाले, “आनंदा माझ्याकडं असाच बघायचा.” मला आधी समजलं नाही. फोटोत तर चाचा आनंदरावांकडं बघत होते. घरी येताना उचगावच्या फाट्यापर्यंत विचार करत आलो, तेव्हा उमगलं, की दोन्ही खरं होतं; आनंदरावांचं ते बघणं चाचांच्या डोळ्यांत परत आलं होतं.

परवा पेठेतल्या मंडळींनी शोकसभा घेतली. सभा कसली, आम्ही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळे फोटोच टांगले आणि पुढच्या खुर्च्यांवर त्यातल्या माणसांना बसवलं. नेहमी पुढं बसणारे नगरसेवक वगैरे मागं उभे होते. माझ्या मेहुण्यांचा इतका अभिमान मला ते जिवंत असतानाही वाटला नव्हता, हे कबूल करतो. दस्तगीरचाचांच्या फोटोपुढं गर्दी होती. जो तो म्हणत होता, “आनंदाचा शेवटचा फोटो. हात कापत असताना काढलाय, बघा!” खालच्या चिठ्ठीवर नाव मीच लिहिलं होतं, आनंदरावांचं. तरी दर वेळी हे ऐकलं, की मी दुसऱ्या फोटोपुढं जाऊन उभा राहायचो. माणसानं किती मोठं मन करायचं यालाही काही मर्यादा असते.

रात्रीपर्यंत कसंबसं थांबलो. जेवताना रंजनाला म्हटलं, “लोकांना काय ठाऊक. बटण खरं तर मी दाबलंय.”

ती ताटात वाढत होती. वर न बघता म्हणाली, “मिक्सरचं बटणबी तुम्हीच दाबताय की रोज. म्हणून चटणी तुमची व्हय?”

मी भाकरीचा तुकडा मोडला. तिनं भाकरीचा चतकोर माझ्या ताटात टाकला आणि म्हणाली, “पण दाबलासा मात्र येळेवर.”