विकायचे की फोडायचे

आमच्या कारांगसारी गावात बू रुस्मिनींचा, म्हणजे रुस्मिनी बाईंचा, आवाज आधी पोचतो आणि स्कूटर मागाहून. बालवाडीच्या फाटकातून त्यांनी हाक मारली की समुद्राकडच्या नारळबागेतले मोठमोठे बाप्येसुद्धा सरळ उभे राहतात, कारण त्यांतल्या निम्म्यांचे शेंबूड त्यांनीच पुसले आहेत. मी त्यांच्या हाताखालची शिक्षिका, रत्री. कौतुक सांगायला बसले आहे खरी, पण नुसतं कौतुक त्यांनाच चालायचं नाही. "तेल मला नको लावूस, कढईत घाल," असं म्हणतील आणि सोयाबीनच्या वड्या, टेम्पे, तळायला बसवतील.

बू रुस्मिनींचा एकच हेका: आकडा जिभेवर नको, हातात हवा. त्यांच्या बालवाडीत भिंतीवर अंकांचा तक्ता नाही. चिंचोके आहेत, शिंपले आहेत, बांबूचे तुकडे आहेत. खाऊच्या वेळी एकेक पोर उठून प्रत्येकापुढे केळीच्या पानाचा तुकडा मांडतं. पान कमी पडलं की कुणाला खाऊ मिळणार नाही ते त्याला दिसतं आणि ते आणखी पान आणायला धावतं. सकाळी दारातल्या चपला मोजून आज किती मुलं आली ते सांगायचं. दोन चपला, एक मूल. त्यात पोरं इतकी तयार होतात की चप्पल एकटी दिसली तर "बू, कोणीतरी लंगडी घालत आलंय!" म्हणून गलका करतात.

पालक कुरकुरतात. शेजारच्या गावातली मुलं म्हणे शंभरापर्यंत लिहितात. "लिहू देत," बू म्हणतात. "पाच केळी आण म्हणावं, अख्खा घड उचलून आणतील."

त्या वर्षी तुगिनीची जुळी आमच्याकडे होती. तुगिनी बाजारात नारळ विकते. मुलगा सेनो बडबड्या, मुलगी सेकार मितभाषी आणि हट्टी. एका चटईवर झोपायची, एका ताटात जेवायची, भांडायचीसुद्धा एकमेकांशीच. दुसरं कोणी त्यांच्या भांडणात पडलं तर दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडत.

जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाची वेळ आली. लहान मुलांची परीक्षा घ्यायची नाही असा नियम आहे, म्हणून आमच्याकडे तिला गप्पा म्हणतात. नवे हेडमास्तर पाक हार्दोनो, म्हणजे हार्दोनो सर, डोंगराकडच्या शहरातून आलेले, स्वभावाने मऊ. शाळेच्या अंगणात नुकतेच उतरवलेले नारळ पडले होते. तिथेच चटई टाकून ते गप्पांना बसले.

"मोजता येतं का रे?" त्यांनी सेनोला विचारलं. सेनोने डोळे मिटले आणि एका दमात शंभर गाठलं. एकोणचाळीसवरून थेट पन्नासावर उडी मारली, पण अशा झोकात मारली की हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

मग सेकारची पाळी. "न्दुक, ते नारळ किती आहेत गं?" लहान मुलीला आम्ही लाडाने न्दुक म्हणतो, तसंच ते म्हणाले. नारळ होते आठ.

"चार," सेकार म्हणाली.

"नीट बघ बरं."

"चार!" समोरच्याला ऐकू कमी येत असावं, अशा आवाजात.

"बरं. त्यातले दोन मी नेले तर?"

"तीन."

हेडमास्तरांनी तुगिनीला बाजूला घेतलं. मुलगा येऊ दे, मुलगी अजून कच्ची आहे, तिला वर्षभर बालवाडीतच राहू दे. तुगिनीने वादसुद्धा घातला नाही. आम्ही फाटकाशी थांबलो होतो, तिथे येऊन बूंना म्हणाली, "माझ्यावर गेली, बू. माझ्या तरी डोक्यात कुठे शिरत होते आकडे! राहू दे. दुकानात बसेल माझ्याजवळ."

आधी सेनो दात काढून हसला. शाळेत आपल्याला एकट्यालाच जायचंय हे डोक्यात शिरल्यावर त्याने बहिणीच्या फ्रॉकचं टोक जे धरलं ते सोडेना. सेकार रडली नाही. "मग मी बालवाडीतपण येणार नाही," एवढंच म्हणाली. आणि ती पोर बोललेलं करून दाखवणारी होती.

बू रुस्मिनी सेकारला घेऊन तडक अंगणात गेल्या. मी मागोमाग. खडे मागवले, आठ खडे सेकारपुढे टाकले. सेकारने बोट न लावता सांगितलं, "आठ."

"खडे आठ आणि नारळ चार?" हेडमास्तर गोंधळले.

"पाक, आमच्याकडे नारळ जोडीनेच विकतात. दोन नारळ सोडणाच्या, म्हणजे वरच्या सालीच्या, पट्टीने बांधायचे, ते झाले एक. पोर जन्मल्यापासून तेच बघतेय. तिचं गणित चोख आहे. तुम्ही दोन नेले म्हणजे तिची एक जोडी नेली. चारातून एक गेला, तीन उरले!"

"असेल, बू. पण वर्गात आठ म्हणजे आठ. तीस पोरं असतात, प्रत्येकाच्या आईचा धंदा काय ते बाईंनी कुठे विचारत बसायचं?"

माणूस खोटं बोलत नव्हता. बूंनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी आवाज उतरवला. अशी वेळ क्वचित येते. "मला आठवडा द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून बालवाडी सुटली की आम्ही तुगिनीच्या दुकानात. बूंनी एक जोडी सोडली, एक नारळ लांब सरकवला आणि उरलेल्यावर हात ठेवला. "सेकार, हा किती?"

सेकारने नारळाकडे बघितलं, मग बूंकडे. "अजून एक झाला नाही, बू."

"का गं?"

"ह्याचा जोडीदार तिकडे आहे ना."

मला हसू आलं, बूंना नाही आलं. त्यांनी समजावलं, दटावलं, चिक्कीचं आमिष दाखवलं. पोर हटेना. सुटा नारळ कोणी घेत नाही, मग तो मोजायचा कशाला? तुगिनी तिकडून गिऱ्हाईक करता करता म्हणाली, "बू, दगडावर डोकं का आपटताय?" त्यावर बूंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती उगीचच नारळ पुसायला लागली.

परतताना बूंनी रस्त्यातच स्कूटर थांबवली. मग म्हणाल्या, "रत्री, आपलं चुकलं. दोन चपला म्हणजे एक, हे रोज सकाळी आपणच घोकून घेतो. घरीही तेच, आपल्याकडेही तेच."

"आपलं? चपलांची कल्पना तुमची."

"आणि मोजून घेतं कोण? तू ना? मग आपलं." आणि स्कूटर सुरू करत म्हणाल्या, "तिची जोडी मोडायची नाही. मी उगाच मोडायला निघाले होते."

त्यानंतर त्या सेकारला दुकानात भेटल्याच नाहीत. तुगिनीच्या स्वयंपाकघरात गेल्या. नारळाचं दूध काढायचं होतं. बूंनी जोडी सेकारच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "फोड."

सेकारने कोयता उचलला, जोडीवर धरला, आणि थबकली. पट्टी सोडली. एक नारळ पायाशी ठेवून दुसरा आईकडून फोडून घेतला. मग पहिला.

"किती वेळा फोडलं?" बूंनी विचारलं.

"दोन वेळा."

"किती नारळ विकले असते?"

"एक." हे म्हणताना पोरीचे डोळे बारीक झाले. करवंट्यांकडे बघत ती बराच वेळ बसून राहिली, आणि बू, ज्यांना दोन श्वास गप्प बसवत नाही त्या बू, तिच्या शेजारी तोंड मिटून खोबरं किसत राहिल्या.

आठवड्याने आम्ही सगळे पुन्हा त्या अंगणात. आधीचे नारळ स्वयंपाकघरात गेले होते, नवे सात पडले होते. हेडमास्तर म्हणाले, "हं न्दुक, किती आहेत?"

"पाक," सेकारने विचारलं, "विकायचे की फोडायचे?"

हेडमास्तर चमकले. "फोडायचे समज."

"सात."

"आणि विकायचे असतील तर?"

"तीन. एक उरला, तो आम्ही घरी नेऊ."

पाक हार्दोनो मोकळेपणाने हसले. "हिला घेतली," म्हणाले. तुगिनीने पदराने तोंड झाकलं. पण हेडमास्तर सरळ माणूस. आता खरं मोजणं कसं असतं ते त्यांनी पाहिलं होतं. ते सेनोकडे वळले. "तू सांग रे, किती?"

सेनोने डोळे मिटले. "एक दोन तीन चार..." नारळ मागे राहिले, तो बारा तेराच्या पुढे निघाला. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. बू पुढे झेपावल्या. ह्याच पोराच्या हातात आपण आकडा दिला नाही, त्याला नुसत्या झोकावर सोडलं, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

त्यांच्याआधी सेकार पोचली. तिने भावाच्या डोळ्यांवरून हात फिरवून ते उघडले, त्याचं बोट धरून पहिल्या नारळावर टेकवलं आणि सोडून दिलं. बाकी काही सांगितलं नाही. सेनोने ओठ चावले. "एक." दुसऱ्यावर बोट गेलं. "दोन." तो कधीच एवढा हळू बोलला नव्हता. शेवटच्या नारळावर बोट टेकवून तो आमच्याकडे बघत राहिला. पुढे नारळ नव्हते, म्हणून पुढचा आकडाही त्याने म्हटला नाही.

"सात," तो म्हणाला, आणि त्यालाच नवल वाटलं.

"अजून कच्चा आहे," हेडमास्तर म्हणाले, पण हसत. "वर्गात ह्याला पक्कं कोण करणार?"

"मी करीन," सेकार म्हणाली. "बूंना फार वेळ लागतो."

तुगिनीने जीभ चावली. गेली सत्तावीस वर्षं ज्यांना अख्ख्या गावातलं एकही पोर उलट बोललं नव्हतं, त्या बू रुस्मिनी खाली बसल्या, सेकारला जवळ ओढलं आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडल्या. संध्याकाळपर्यंत बाजारातल्या प्रत्येक दुकानापाशी स्कूटर थांबली, आणि पोर आपल्याला काय म्हणाली ते त्यांनी स्वतःच सगळ्यांना ओरडून सांगितलं.