तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?

तापानं फणफणलेलं पोर घेऊन कुणी आलं, तरी हुमनाबादच्या आमच्या डॉक्टरीणबाई आधी आई-बापाला विचारायच्या, "तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?" माणसं बिचकायची. बाई मात्र उत्तर मिळेपर्यंत पोराची छाती तपासत थांबायच्या.

त्या मंठाळच्या एका बौद्ध कुटुंबातल्या. मोठ्या शहरात शिकूनही बोलणं गावाकडचंच राहिलं होतं. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे. "बरं होईल का?" असं विचारलं तर सरळ म्हणायच्या, "आत्ता तरी मला कळंना झालंय." त्यामुळे बाई फार कोरड्या आहेत, असं बायका म्हणत. मलाही तसंच वाटायचं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, आमच्या सख्ख्या मामालाच दिलेली होती. आमच्याकडे ती रीतच. तिची दोन लेकरं वर्षाची व्हायच्या आत गेली. तिसरी मुलगीही खोकल्यानं झिजू लागली, तेव्हा अक्का तिला बाईंकडे घेऊन गेली. नातं ऐकून बाईंनी आधीची दोन लेकरं कशी गेली तेही विचारून घेतलं. मग लेकराचं रक्त बर्फात घालून त्या तपासणीसाठी स्वतः मुंबईला गेल्या. त्या परतायच्या आत मुलगी गेली.

बाई आल्या तेव्हा मामाच्या अंगणात घरची माणसं बसलेली होती. अक्काला माहेरी धाडायचं आणि मामाचं माझ्याशी लग्न लावून द्यायचं, असं आजीनं, म्हणजे मामाच्या आईनं, ठरवलं होतं. हे मलाही तिथेच, बाईंसोबतच कळलं. मी शाळेत जाणारी पोर.

बाई उभ्याउभ्याच आजीला म्हणाल्या, "अव्वा, रोगापासून आपल्याला राखणाऱ्या पेशी असत्यात अंगात. त्या जगाव्यात म्हणून एक एन्झाइम लागतंय. पेशीत साठणारं विष ते मोडून टाकतंय. ह्या लेकराच्या अंगात ते एन्झाइमच नव्हतं. विष साठत गेलं आन राखणाऱ्या पेशीच मेल्या. मग साधा खोकलाबी झेपला न्हाई तिला. आधीच्या दोघांचंबी तसंच झालं असणार."

"म्हंजे हिच्या पोटाचाच दोष," आजी म्हणाली.

"न्हाई. निम्मा तुमच्या लेकाकडून आलाय. एकाकडूनच आला तर काय होत न्हाई. दोघांकडून आला की लेकरू जगत न्हाई." मग माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "ही तिचीच बहीण. हिच्यातबी तो असू शकतोय. पुन्हा तेच करायलाव तुम्ही."

मामा खाली मान घालून बसला. इतकी वर्षं जिला सगळे लेकरं खाणारी म्हणत होते, ती अक्का दारातून हळूच म्हणाली, "म्हंजे मी न्हाई मारली त्यांना?"

"न्हाई गं."

मामाशी ठरलेलं माझं लग्न मोडलं. पुढे मला लांबच्या, परक्या घरी दिलं. माझी दोन्ही मुलं धडधाकट आहेत. अक्का मामाच्याच घरी राहिली. त्यांनी पुन्हा मूल होऊ दिलं नाही.

बाईंची बदली झाली तेव्हा अक्का आणि मी त्यांना गाडीवर सोडायला गेलो. गाडीत चढता चढता बाई थांबल्या. "मी धाकटीलाच बघितलं. आधीच्या दोघांची नावं काय होती गं?"

घरात ती नावं कुणी घेत नव्हतं. अक्कानं ओठ ओले केले.

"महादेव," ती म्हणाली. "आन शांता."